मामांनी थाप मारून निवडलेली गिटार

"पोरीले गिटार पायजे म्हणते, अन् बोटं पाह्यले का तिचे? चिमटीत धरले तर वाकतीन."

मामा हे दुकानदाराच्या कानात सांगत होते, म्हणजे रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मी शेजारीच, एका हार्मोनियमच्या आडोशाला उभी होते. दुकानदाराने माझ्या बोटांकडे पाहिलं. मी ती ओढणीत गुंडाळून घेतली.

वाशीमच्या बसस्टँडमागच्या त्या दुकानात ढोलक्या, झांजा आणि लग्नाच्या बँडचे ड्रम दाटीवाटीने ठेवलेले असतात. गिटारी मात्र पार वर छताजवळ टांगलेल्या होत्या, कुणी मागेल ही आशा सोडून दिल्यासारख्या. मला गिटार हवी होती, कारण ती दार लावून वाजवता येते आणि वाजवताना कुणाशी बोलावं लागत नाही. व्हिडिओ पाहून एवढं मला कळलं होतं की लहान हाताला लहान गिटार घ्यावी आणि तारा गिटारीच्या मानेपासून, म्हणजे दांडीपासून, फार उंच नसाव्यात. तशी एक कोपऱ्यात होती, मधाच्या रंगाची. दुकानदाराने काठीने ती उतरवून माझ्यापुढे धरली.

"वाजवून पाहा ताई."

झांजा घ्यायला आलेलं एक भजनी मंडळ बाकावर बसलं होतं. ते सगळेच माझ्याकडे बघू लागले.

"नाही, राहू द्या," मी म्हणाले.

मग मामांनी कारभार हातात घेतला. मामा रिठदला राहतात, शेती करतात आणि भीमगीतांच्या कार्यक्रमात ढोलकी वाजवतात. त्यामुळे कुठल्याही वाद्याबद्दल आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी ती गिटार मांडीवर आडवी घेतली, तळहाताने तिच्या पोटावर थाप दिली आणि कान लावला.

"मुकी हाये."

दुसरी घेतली. थाप. "हे तर सर्दी झाल्यावानी बोलते."

शेवटी त्यांनी दुकानातली सगळ्यात मोठी, काळी गिटार उतरवायला लावली. तिच्यावर थाप पडली तशी समोरच्या कपाटाची काच थरथरली. भजनी मंडळाने माना डोलावल्या. "आवाज भरला!" एकजण म्हणाला. व्यवहार ठरला. तार एकानेही छेडली नाही.

"पुढल्या रविवारपर्यंत बदलून भेटन," दुकानदार म्हणाला, "वरखडा नसला तर."

घरी गिटार मांडीवर घेतली तर तिची कड माझ्या हनुवटीला लागली. डावा हात काय करतोय ते पाहायला मला भिंतीवरून डोकावल्यासारखं वाकावं लागे. तारा एवढ्या उंच होत्या की खालून पेन्सिल गेली असती. जीव खाऊन दाबलं तरी नुसतं 'टुक' व्हायचं.

"दाबल्या जात नाही का?" आईने दारातून विचारलं.

"नाही."

गिटार चुकीची आहे, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आईने तोवर मामांना फोन लावला होता.

"बोटात जीव नाही तिच्या," मामा स्पीकरवर म्हणाले. "इंग्लिश शाळेत टाकलं ना तुमी. कधी दळण नाही, कांडण नाही, नुसतं टाय बांधून डान्स. परात घे म्हणा अन् वाजव दोन्ही हातानं. ढोलकीवाले असेच तयार होतेत."

ढोलकीला बोटं आपटावी लागतात आणि गिटारीला दाबून धरावी लागतात, हे मला माहीत होतं. तरी मी गच्चीवर जाऊन परात वाजवली. थोड्या वेळाने शेजारच्या काकू ताट आणि लाटणं घेऊन त्यांच्या गच्चीवर आल्या.

"कोणीकडे आले वं माकडं?"

मी थांबले असते तर सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून वाजवत राहिले. काकूही वाजवू लागल्या. मग पलीकडच्या घरातून डबा वाजला, त्याच्या पलीकडून बादली. गल्लीभर माकडं हाकलणं चाललं आणि एकही माकड आलं नाही. "पयाले वाटते," काकू समाधानाने म्हणाल्या.

आईचा उपाय निराळा होता. तिने ओल्या तुरीच्या शेंगा पोतंभर आणल्या. "सोल. बोटं मजबूत होतीन अन् सोले बी निघतीन." आठवडाभर आम्ही सोल्यांची, म्हणजे त्या हिरव्या दाण्यांची, आमटी खाल्ली. माझी नखं हिरवीकाळी झाली. काळी गिटार पलंगावर प्लास्टिकच्या आवरणात तशीच पडून होती, वरखडा पडू नये म्हणून. रविवार उलटला की ती कायमची माझी होणार होती, आणि मी कधीच गिटार वाजवणार नव्हते. हे मी मनात व्यवस्थित वाक्यं करून ठेवलं होतं, इंग्रजीतही आणि मराठीतही. तोंडातून एकही निघत नव्हतं.

रविवारी मामांना ढोलकीच्या तोंडावरची कातड्याची पुडी बदलायची होती. "गिटार घेऊन संगं चाल," ते म्हणाले, "दुकानदाराले बोटाचं विचारून घेऊ."

त्या दिवशी दुकानात बँडवाले आले होते.

"गिटारीत काही खोट?" दुकानदाराने विचारलं.

"गिटार फस्क्लास हाये. बोटं कच्चे हायेत."

दुकानदाराने माझा हात धरून एकेक बोट दाबून पाहिलं. एक बँडवाला उठून आला, त्यानेही पाहिलं. "मिठाच्या पान्यात बुडवा," तो म्हणाला. दुसऱ्याचं मत एरंडेल तेलाचं पडलं. मामा म्हणाले, परात वाजवून झाली, आता वावरात खणायची टिकाशी पेलायले लावतो. बांगड्या भरायला बसल्यासारखा मी हात पुढे करून उभी होते आणि त्यांच्यात बोटांवरून वाद पेटला होता. कुणी माझ्या तोंडाकडे पाहत नव्हतं. त्यामुळे जरा सोपं गेलं.

मी हात सोडवून घेतला. कोपऱ्यातली काठी उचलली आणि ती मधाच्या रंगाची गिटार स्वतःच उतरवली. ती माझ्या कुशीत नीट बसली. तारा मानेच्या अगदी जवळ होत्या. मामांनी वळून पाहिलं आणि सवयीने तळहात उचलला.

"हे? अवं हे तं मुकी..."

"मामा, हात काढा," मी म्हणाले. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. "मला वाजवून पाहायची आहे. तोपर्यंत सगळ्यांनी जरा गप्प बसा."