सॅन अँटोनियोला मी एकटी गेले

मे महिन्यातल्या लाँग वीकेंडला सॅन अँटोनियोला जायचं, हे आमच्या ग्रुपचं हिवाळ्यापासून ठरत होतं. टेक्सासमधल्या प्लेनो आणि फ्रिस्को गावांतली सात-आठ मराठी घरं, शुक्रवारी कुणाकडे तरी पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचा, आणि त्यात मी. पूर्वी मी आणि नवरा, दोघं जायचो. त्या वर्षी माझा घटस्फोट झाला, तरी मी माझं भाजीचं पातेलं घेऊन जातच राहिले. ट्रिप जवळ आली तेव्हा ग्रुपमधल्या माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचा फोन आला.

"अगं, कसं सांगू तुला... सगळ्या फॅमिलीज आहेत ना. रूम्सही तशाच बुक केल्यात. तुलाच ऑकवर्ड होईल."

"मला नाही होणार," मी म्हटलं.

ती म्हणाली, "बाकीच्यांना होईल गं."

फोन ठेवल्यावर रडू आलं नाही. राग आला, आणि राग आला की माझे हात भराभर चालतात. ओटा घासला, फ्रीज आवरला, आणि मग कॉम्प्युटरपुढे बसून सॅन अँटोनियोतलं एक साधं मोटेल बुक केलं. त्याच वीकेंडचं. ते शहर काही ग्रुपनं विकत घेतलेलं नव्हतं.

शिवाय मला ते बघायचंच होतं. मी साताऱ्याची. खिडकी उघडली की समोर किल्ला, अशा घरात वाढलेली. प्लेनोत काचेची ऑफिसं आणि कोरी करकरीत घरं बघून माझे डोळे उपाशी राहिले होते. सॅन अँटोनियो स्पॅनिश लोकांनी वसवलेलं, त्यांची दगडी चर्च अजून उभी आहेत, एवढं ऐकूनच मी कितीतरी दिवस मनात मांडे खात होते.

लांबचा ड्राइव्ह नेहमी नवरा करायचा आणि मी शेजारी नकाशा धरून बसायचे. या वेळी नकाशा शेजारच्या सीटवर एकटाच बसला. ऑस्टिनजवळ दोन्ही बाजूंनी मोठाले ट्रक आले तेव्हा मी स्टिअरिंग आवळून धरलं आणि त्यांना अस्सल सातारी शिव्या दिल्या. काचा बंद होत्या. खूप बरं वाटलं.

मोटेलच्या काउंटरवर एक गुजराती काका होते. त्यांनी माझ्या मागे, मग बाहेर गाडीकडे पाहिलं.

"और भाईसाब?"

"भाईसाब नहीं हैं. मैं ही हूँ."

"अकेली?"

"जी, अकेली. चाबी दीजिए."

त्यांनी किल्ली दिली, पण मी जिना चढेपर्यंत त्यांची नजर माझ्या पाठीवर होती.

पहिला दिवस मी नुसती भटकले. उन्हानं डांबर तापलेलं. कॅथीड्रलच्या आत मात्र गारवा आणि मेणाचा वास. अलामो पाहिला, आणि ज्याचं एवढं कौतुक ऐकलं होतं तो किल्ला इवलासा निघाला. आमच्या अजिंक्यताऱ्यावरून याच्यावर धोंडा टाकला तर काय उरेल, असं मनात आलं आणि मी एकटीच हसले. बाजारात तर आणखी मजा. प्लेनोत मी कुठेही गेले तरी परकी दिसायचे. इथे बायका मला आपल्यातलीच समजून माझ्याशी सरळ स्पॅनिशमध्ये बोलत होत्या. मातीची भांडी विकणारी एक बाई बराच वेळ बोलली. मी मान हलवून "इंडिया, इंडिया" म्हणाले तेव्हा ती आधी थबकली आणि मग इतक्या मोठ्यानं हसली की शेजारचे दुकानदार बघायला आले.

नदीकाठच्या एका रेस्टॉरंटमध्ये दारातल्या मुलीनं विचारलं, "जस्ट वन?" मी हो म्हटल्यावर ती मला आत, स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेली. बाहेर पाण्याकाठी दोन टेबलं रिकामी होती.

"मला तिथे बसायचंय," मी म्हटलं.

"ती टेबलं जास्त लोकांसाठी आहेत."

"मग जास्त लोक येईपर्यंत मी बसते."

ती मॅनेजरकडे गेली. मी हलले नाही. पर्स खांद्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, ट्रे घेऊन जाणारे वेटर मला वळसा घालून जात राहिले. शेवटी मला पाण्याकाठचं टेबल मिळालं. बीन्स आणि टॉर्टिया सावकाश खाल्ले. वर दोनदा कॉफी मागवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी नदीकाठी कॉफी पिऊन गाडीकडे जाताना बोटींच्या तिकिटांसाठीची रांग दिसली, आणि रांगेत आमचा अख्खा ग्रुप उभा. कॅमकॉर्डर, पोरांचे स्ट्रोलर, चिवड्याच्या पिशव्या. मला वळून जाता आलं असतं. मी सरळ त्यांच्यासमोरून चालत गेले.

"अरे, तू इथे?" एकजण ओरडला. "सांगायचं ना यार!"

"कुणाला सांगायचं?"

मैत्रिणीचा चेहरा उतरला. ती पुढे आली आणि माझा हात धरून म्हणाली, "चल ना आमच्याबरोबर. करू ॲडजस्ट."

"नको," मी म्हटलं. "माझा प्लॅन आहे."

तेवढ्यात मागून एक काकू पुढे आल्या. ग्रुपमधल्या एकाची आई; नागपूरहून मुलाकडे आलेल्या. अंगावर साडी, पायात सुनेचे स्नीकर्स, एका हातात नातवाची दुधाची बाटली.

"तू कुठं निघालीस गं?"

"मिशन बघायला, काकू. जुनं चर्च आहे, दगडी. गावाबाहेर."

"मला ने."

"आई," मुलगा म्हणाला, "दुपारी आपल्याला माशांचा शो बघायचाय. आणि तुझा गुडघा..."

"माशांच्या उड्या तुम्ही बघा. गुडघा माझा आहे." दुधाची बाटली त्याच्या हातात देऊन त्या माझ्याबरोबर चालायला लागल्या.

गाडीत बसल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नवऱ्यानं सोडलं का तू सोडलंस?"

"मी सोडलं."

"मारायचा?"

"नाही. पण माझ्याशी बोलायचाच नाही. महिनोन्‌महिने."

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. "आमच्यात त्याला संसार म्हणत," त्या म्हणाल्या. मी गाडी मिशनच्या रस्त्याला वळवली. मग त्याच म्हणाल्या, "दुसरं लग्न कर."

"काकू!"

"बरं, नको करू. गाडी मात्र छान चालवतेस."

मिशनला उंच दगडी तट होता आणि तटाला लागून ओळीनं खोल्या. चर्च बांधणारे इथलेच आदिवासी या खोल्यांतून राहत होते. काकूंनी भिंतीवरून हात फिरवला. दगड इतका जाड की खिडकीत माणूस आडवा झोपेल. चर्चमध्ये प्रार्थना चालू होती, गिटार आणि ट्रंपेट वाजवत. मी दारातूनच परतणार होते, पण काकू आत जाऊन शेवटच्या बाकावर बसल्यासुद्धा. मधेच सगळे उठले आणि एकमेकांचे हात धरून काहीतरी म्हणू लागले. पुढच्या बाकावरची एक म्हातारी वळली आणि तिनं काकूंना चक्क मिठी मारली. काकूंनी तिच्या पाठीवर थोपटलं.

"काय म्हणाली गं?" त्यांनी कानात विचारलं.

"शांती असो, असं काहीतरी."

"मग हिला सांग, आमच्या घरी पाठव म्हणावं थोडी."

परत सोडायला गेले तेव्हा हॉटेलच्या दारात मुलगा चिडून उभा होता. "आई, बरोबर दिलेला मोबाइल तरी उचलायचा!"

"देवळात कुणी फोन उचलतं का?" असं म्हणून काकू लिफ्टकडे गेल्या.

मैत्रीण बाहेर आली. तिनं हळूच विचारलं, "रागावलीस?"

एरवी मी "छे गं" म्हटलं असतं.

"हो," मी म्हटलं. "खूप."

ती रडायला लागली. मी तिची समजूत काढली नाही. गाडीत बसून निघून आले.

सोमवारी दक्षिणेकडच्या टोकाच्या मिशनला गेले. तिथे स्पॅनिश काळातला पाण्याचा पाट अजून वाहतो. एक माणूस आपल्या कुत्र्याला त्यात पाणी पाजत होता. मी चपला काढून काठावर बसले. घाई नव्हती, कुणाला भूक लागली नव्हती, कुणाचा मूड सांभाळायचा नव्हता. दुपारी प्लेनोच्या रस्त्याला लागले.

त्यानंतर पॉटलकची आमंत्रणं पुन्हा येऊ लागली, पूर्वीपेक्षा जास्त आग्रहानं. मी गेले नाही. मैत्रीण एकदा घरी आली, आम्ही चहा प्यायलो, पण पूर्वीसारखं जमलं नाही आणि मी जमवायचा प्रयत्नही केला नाही. काकूंचा मात्र नागपूरला परत जाईपर्यंत फोन यायचा. मुलगा ऑफिसला गेला की त्या लावायच्या आणि एकच विचारायच्या, "या वेळी कुठं चाललीयेस?"