तरोट्याची भाजी आणि बाळंतिणीचं ताट

आमचं पहिलं लेकरू पुरामुळे गेलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. नाल्यावरून पाणी, रस्ता बंद, दवाखाना पलीकडे. हे खोटं नाही. पण त्याआधीचं मी कधी सांगितलं नाही. विषय निघाला की उठून जायचो.

नव्वदच्या दशकात मी भामरागडकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. ऐन पावसाळ्यात बायको घरीच बाळंत झाली आणि बाहेरची वाट तुटली. डाळ संपली, कांदे सडले. तांदूळ, मीठ, तेल आणि थोडी लसूण-मिरची तेवढी उरली. अंगणात मात्र तरोटा, म्हणजे टाकळा, गुडघाभर माजला होता. शेजारच्या माडिया बाईने त्याची कोवळी पानं खुडून दाखवली. उकडून पिळायची, मग लसूण-मिरचीवर परतायची.

"बाईले दे. दूध येते," ती म्हणाली.

मी दिली नाही. बाळंतिणीने पालेभाजी खाल्ली तर बाळाचं पोट बिघडतं, असं आईने बजावलं होतं. बायकोला मी नुसता मीठ-भात वाढायचो. भाजी रांधायचो ती माझ्यासाठी. खोली एकच. लसणाच्या फोडणीचा वास तिच्या बाजेपर्यंत जायचा.

"मले द्या न थोडी. भात नरड्याखाली उतरून नाई राह्यला."

"लेकराले हगवण लागंल."

"तुमची आई येते का इथी, पुरातून पाहाले?"

मी पाठ करून जेवायचो. तिचं दूध आटलं. बाळ रडून रडून थकलं, मग रडेनासंच झालं. पाणी उतरायच्या आत गेलं.

भाजीने ते जगलं असतं का, मला ठाऊक नाही. तिची भूक मात्र माझ्या हातात होती.

तिने ते पुन्हा कधी काढलं नाही. तरोटाही आमच्या घरात पुन्हा शिजला नाही. पुढे वरोऱ्याला, तिच्या शेवटच्या दुखण्यात, मी घरामागचा तरोटा खुडला, रांधला आणि घास तिच्या तोंडाशी नेला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आता काऊन देता?"

उत्तर तयार होतं. पानं उकडताना चुलीपुढे कितीदा म्हणून पाहिलं होतं: तेव्हा मी तुला उपाशी ठेवलं, मला माफ कर.

"खाऊन तर पाहा," मी म्हणालो. "मीठ बरोबर हाये न?"