एकच घंटी

कुठलाही कंप्युटर चालू करायच्या आधी तो त्याच्या पाठीला नाक लावायचा. बाजारात लोक खरबूज हुंगून घेतात, तसा. डोळे मिटून एक लांब श्वास, मग मान हलवून निकाल: "चालंल." किंवा, "हा जळणार, टीचर. याच्या नादी लागू नका." आणि त्याने जळणार म्हटलेलं मशीन खरोखरच जळायचं.

असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. हसायला सगळे त्याला हसतात, पण त्याला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. रसायनीच्या कारखान्यांलगतच्या मोहोपाड्यात, आमच्या गल्लीत तो म्हणजे भाई. मूळचा खाडीकाठच्या कोकणी मुसलमान घरातला. उभी उमर त्याने इथल्या एका केमिकल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये काढली, आणि छातीने साथ सोडली तेव्हा नोकरी सोडून आमच्या इमारतीखालच्या गाळ्यात जुने कंप्युटर दुरुस्त करायला बसला. वरच्या मजल्यावर माझा क्लास. मी दहावीची मुलं शिकवते, म्हणून त्याच्या तोंडी मी कायमची "टीचर".

क्लाससाठी कंप्युटर हवे होते, आणि नवे परवडणार नव्हते. माथेरानच्या एका हॉटेलने मोडीत काढलेले भाईने मिळवले. तिथे गाडी जात नाही, तेव्हा ते घोड्याच्या पाठीवरून नाक्यापर्यंत आणि पुढे टेंपोने आले. भाईने एकेकाला नाक लावलं. "घोड्याचा वास हाय. बाकी बरा हाय. लिनक्स टाकू, फुकटची सिस्टम हाय, नव्यासारका पळंल."

आता यावर काय काय टाकायचं, याची माझ्याकडे मोठी यादी होती. रोज कुणीतरी फोनवर सांगत होतं, हे घे, तेही घे. मी बोलायला लागले. भाई चहा फुंकत ऐकत होता.

"टीचर, नव्या घरात पयलं काय नेता?"

"मीठ. पाणी. दिवा."

"सोफा नाय नेत ना? मग हितंबी तसंच." आणि त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. सगळ्यात आधी, रोज आपोआप नक्कल काढून ठेवणारा प्रोग्रॅम. "मशीन मरनार हाय, हे धरून चालायचं." मग मराठी टायपिंग. मग ब्राउझर, पत्रं आणि तक्ते करायचा एक, पोरांना व्हिडिओ दाखवायला एक. बस्स.

त्यानंतर त्याने जे केलं ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. एकेक प्रोग्रॅम उघडून त्याने त्याचे आवाज मारले. टिंग, टुंग, कोपऱ्यातून वर येणारी पाटी, लाल ठिपका, सगळं बंद.

"अहो भाई, राहू दे की थोडं. मुलांना गंमत वाटते."

भाई हसला नाही. "कंट्रोल रूममंदी आमाला घंट्याच घंट्या होत्या. टाकी भरली, घंटी. दार उगडं राह्यलं, घंटी. दिवसभर वाजायच्या. मग मानूस काय करतो? न बघता बोटानं बंद करतो. एक वाजली, बंद. दुसरी वाजली, बंद. त्यातली एक खरी होती." त्याने पेला उपडा ठेवला. "घंटी एकच ठेवायची, टीचर. आनि तिला हात लावायचा नाय."

कंट्रोल रूममध्ये काय झालं होतं, ते त्याने कधीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारून झोप उडवून घेण्यात काय शहाणपण?

कारण झोपेचा प्रश्न इथे सगळ्यांचाच आहे. रसायनीत राहणाऱ्याला वासाचं कौतुक नसतं. कधी कुजक्या कोबीचा येतो, कधी पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा, कधी दवाखान्यासारखा. वारा फिरला की गल्ली गॅलऱ्यांत येते. समोरच्या काकू ओरडायच्या, "भाई, कसला रं वास?" भाई ओट्यावर येऊन नाक वर करायचा. "रोजचा हाय. जेवा." की सगळे आत. एकदाच तो म्हणाला होता, "खिडक्या लावा, पोरांना आत घ्या." आम्ही लावल्या. कंपनीचा धोक्याचा भोंगा त्यानंतर बऱ्याच वेळाने वाजला. त्या दिवसापासून गल्लीने भोंग्याची वाट पाहणं सोडून दिलं. आमचा भोंगा खाली गाळ्यात चहा पीत बसलेला असायचा.

मग मागच्या उन्हाळ्यात त्याची सवय बदलली. मशीनला नाक लावायचा, पण निकाल द्यायचा नाही. शेजारी उभं असेल त्याला विचारायचा, "वास येतो काय?" मला वाटलं, म्हातारा आमची परीक्षा घेतोय. मी थट्टेने म्हणायचे, "येतो ना, तुमच्या बिडीचा." तो बिडी ओढत नव्हता. पूर्वी याच्यावर त्याने मला दोन टोले दिले असते. आता नुसता बघायचा.

त्याच सुमारास त्याने स्वतःसाठी एक मशीन बांधायला घेतलं. रिकाम्या कंप्युटरवर लिनक्स टाकलं आणि त्याला वायरने एक छोटी जाळीदार डबी जोडली. हवेत काही आलं की डबीला कळतं आणि पडद्यावरची हिरवी रेघ वर चढते, असं त्याने समजावलं. या मशीनवर त्याने काय ठेवलं? नक्कल काढणारा, रेघ काढणारा आणि घंटी. ब्राउझर काढला. खेळ काढले. शेवटी आवाज कमी-जास्त करायची पट्टीसुद्धा उपटून टाकली.

"भाई, आवाज कमी करायचा झाला तर?"

"करायचाच नाय."

"पण तुमचं नाक असताना हा खटाटोप कशाला?"

"काई गॅस पयलं नाकच मारतात, टीचर," म्हणत तो डबीची जाळी पुसायला लागला.

खरं उत्तर मला एका दुपारी मिळालं. क्लास सुटला होता. जिना उतरतानाच नाकाला जळक्या रबराचा वास झोंबला. गाळ्यात पाहते तर भाईच्या खुर्चीमागे यूपीएसमधून काळा धूर निघतोय, आणि भाई पुढ्यातल्या मशीनचा स्क्रू फिरवत शांत बसलेला. गुणगुणत होता. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. तेव्हा त्याने मागे वळून धूर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ईदला शीरखुर्मा केला ना हिनं. तोंडाशी नेला. पान्यासारका लागला, टीचर. वासच नाय."

मी हिशेब करायला लागले आणि मधेच थांबले. ईदनंतर कितीदा तरी तो ओट्यावर उभा राहिला होता. कितीदा तरी "रोजचा हाय, जेवा" म्हणाला होता. आणि आम्ही जेवलो होतो.

"अंदाजानं सांगत होतो," तो म्हणाला. "वारा बगून. कुनाला सांगू नको गं. मानसं माज्या भरवशावर झोपतात."

तो मला पहिल्यांदाच "गं" म्हणाला. मला रडू आलं, आणि त्याचा रागही आला. मी म्हटलं, "झोपतात, म्हणूनच सांगायला हवं, भाई."

त्याने सांगितलं. दुसऱ्याच संध्याकाळी कोबीचा वास सुटला, गल्ली गॅलरीत आली, काकूंनी हाक मारली. भाई ओट्यावर आला आणि मोठ्याने म्हणाला, "माजं नाक गेलंय. मला इचारू नका. आता ही घंटी हाय, ती वाजली तर खिडक्या लावा."

काकू खदखदून हसल्या. "बगा, भाईला मस्करी सुचतेय म्हंजे काय नाय हाय!" आणि सगळे हसत जेवायला गेले. भाई ओट्यावर हात पसरून उभा. मी पाहिलेलं त्याचं सगळ्यात एकटं रूप ते.

नंतरही लोक त्याला विचारत राहिले. तो म्हणायचा, "खरंच येत नाय," आणि ते "येत नाय" ऐकून माणसं निश्चिंत व्हायची. किती समजावलं मी! पण ज्या नाकाने एकदा भोंग्याला हरवलं, ते जाऊ शकतं हे गल्लीला पटेचना.

पाऊस उघडता उघडता त्याची छाती भरली. पनवेलच्या दवाखान्यात नेला, तो परत आला तो दफनालाच. त्याच्या बायकोने ते मशीन वर माझ्याकडे पाठवलं. "तुमाला द्यायचं बोलले होते," एवढंच ती म्हणाली.

मी ते क्लासच्या खिडकीत ठेवलंय. घंटी कर्कश आहे. उदबत्तीला वाजते, मिरचीच्या फोडणीलाही वाजते. दर वेळी समोरून काकू ओरडतात, "ती कटकट बंद कर गं! भाई असता तं बोलला असता, रोजचा हाय." भाईने ज्या घंट्यांचा धसका घेतला होता, तशीच ही एक होत चालली आहे, हे मला दिसतंय. मला तो माणूस फार आठवतो, आणि भीतीही वाटते.

हे लिहिता लिहिता आज संध्याकाळी ती वाजली. उदबत्ती नव्हती. फोडणीची वेळ नव्हती. पडद्यावरची रेघ चढत होती, आणि मी कधी न पाहिलेल्या उंचीवर जाऊन तिथेच थांबली. गल्ली गॅलऱ्यांत जमली. सवयीने सगळ्यांच्या माना भाईच्या गाळ्याकडे वळल्या. शटर बंद होतं.

"बंद कर गं ती!" काकू ओरडल्या.

आवाज कमी करायची सोय भाईने ठेवलेलीच नाही. पिन उपटणं, एवढाच मार्ग. माझा हात पिनेपर्यंत गेलासुद्धा. मी लांब श्वास घेतला. काहीही आलं नाही. दुपारची भाजी डब्यात उघडी होती, तिचासुद्धा वास आला नाही.

मी हात मागे घेतला आणि खिडक्या लावायला लागले. "काकू, आत जा, दारं लावा!" मी ओरडले. समोर काकू नाक वर करून तशाच उभ्या होत्या.

"कशाला गं?" त्या म्हणाल्या. "कसलाच वास येत नाय."