वरच्या मजल्यावरचा संशय

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका संशयी माणूस ऐरोलीपासून पनवेलपर्यंतच्या अख्ख्या नवी मुंबईत दुसरा सापडणार नाही, आणि इतका संशयी असून दर रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून न चुकता चर्चला जाणारा तर सापडणारच नाही. काका मूळचे नगरकडचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं काढली. आत येणाऱ्या प्रत्येक पिंपावर संशय घ्यायचा, हेच तिथलं त्यांचं काम. निवृत्तीबरोबर काम संपलं, पण संशय काही संपला नाही. तो जुईनगरच्या आमच्या सोसायटीत येऊन राहिला.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन, चष्मा आणि लिटमस कागदाची पुडी हे तीन ऐवज कायम असतात. पाण्याची टाकी धुऊन झाली की सेक्रेटरी जाहीर करतात, "एकदम चकाचक", आणि काका तिथेच बादलीत कागद बुडवतात. कोपऱ्यावरचा डेअरीवाला तर ते दिसले की न सांगता दुधात लॅक्टोमीटर सोडतो. घरी भिंतीवर ओळीने तीन घड्याळं आहेत. एकच घड्याळ असलं तर माणूस त्याच्यावर आंधळा विश्वास टाकतो, दोन असली तर कोण खोटं ते कळत नाही, तीन असली की निकाल लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा गमतीने विचारलं, "म्हणून का काका तुमच्याकडे देवसुद्धा तिघं?" काका हसले नाहीत. घड्याळांकडे बघत म्हणाले, "नाही बाई. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात तफावत नसते. ह्यांच्यात दोन मिनिटांची आहे."

बोनकोड्याहून एक मासेवाली आठवड्यातून दोनदा आमच्या गेटापाशी पाटी घेऊन बसते. काका प्रत्येक माशाचे कल्ले उघडून बघतात, डोळे बघतात, बोटाने दाबून बघतात. एकदा ती वैतागून म्हणाली, "दहा वर्सं झाली काका, तुमाला मावरं देतंय. अजून माज्यावर भरोसा नाय का?" काकांनी पापलेट खाली ठेवलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "भरोसा आहे म्हणून तर तपासतो, मावशी. ज्याच्यावर भरोसा नाही त्याच्याकडे मी जातच नाही." तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तेव्हापासून काका आले की ती आपणच कल्ले उघडून धरते.

आता संशयाचा विषय काढलाच आहे तर माझाही सांगायला हवा. मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते आणि देवाबिवाच्या भानगडीत पडत नाही. त्यामुळे लॅबमध्ये हयात घालवलेला हा माणूस जेवणाआधी डोळे मिटून हात जोडतो, यात काहीतरी गडबड आहे असं मला पहिल्यापासून वाटायचं. एक तर यांचं विज्ञान वरवरचं असणार, नाहीतर देव. आणि खरं सांगायचं तर, हे हळूच आपल्याला त्यांच्या धर्मात ओढणार अशीही एक शंका सोसायटीत होती, तशी माझ्या मनातही होती. पहिल्या नाताळला काकूंनी फराळाचं ताट पाठवलं तेव्हा मी करंजीचा वास घेऊन मगच ती खाल्ली, आणि नेमके काका दारात उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, "बरोबर केलंत. पण नुसत्या वासानं काही कळत नाही, बाई."

पुढे ओळख वाढली तसं मी सरळच विचारलं, "काका, सगळ्या जगाला लिटमस लावता. देवाला का नाही लावत?"

"लिटमसनं आम्ल कळतं," काका म्हणाले. "आमची ही माझ्यावर रुसलीय का, ते काय लिटमसनं कळतंय? म्हणून ती रुसलेली नाही असं थोडंच आहे?"

"अगं, रुसलेच आहे मी," काकू आतून म्हणाल्या. "सकाळपासून."

"ज्यानं ही सृष्टी केली त्यानं ती लबाडी करायला केलेली नाही, एवढा माझा विश्वास," काका तसेच पुढे बोलत राहिले. "म्हणून तर मोजतो. सृष्टीच लबाड असती तर मोजून काय उपयोग होता?"

"मग संशय कोणावर?"

"मोजणाऱ्यावर. म्हणजे पहिल्यांदा माझ्यावर." आणि मग त्यांनी लॅबचा नियम सांगितला, जो मी नंतर शंभरदा ऐकला: कुठलाही नमुना दोनदा तपासायचा, आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या हातानं. एकाच हाताला नेहमी जे हवं असतं तेच दिसतं.

हा माणूस चर्चमध्ये कसा खपवून घेतला जातो याचं मला कुतूहल होतं. खपवून घेतला जात नव्हताच. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, काकांना बायबलमधल्या एका संशयी शिष्याचं नाव कधीच पडलं होतं. एकदा बाहेरगावचे कुणी प्रचारक चंगाईची सभा घ्यायला आले. प्रार्थनेने आजार बरे करतात अशी त्यांची ख्याती. एका गृहस्थाचा आखूड पाय प्रार्थनेने लांब झाला असं त्यांनी जाहीर केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि काका खिशातून मोजायची टेप काढून व्यासपीठावर चढले. "आधी किती होता?" त्यांनी विचारलं. आधी कुणीच मोजला नव्हता. "मग लांब झाला हे कशावरून?" असं म्हणून काका खाली उतरले. चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, त्या दिवसापासून काकांना प्रार्थना सांगायला सांगत नसत. काकांना त्याचं वाईट वाटायचं. रविवारी दुपारी ते येरझारा घालत आणि त्यांच्या पावलांचा आवाज आमच्या छतावर ऐकू यायचा.

स्वतःची प्रार्थना मात्र ते एका जाड वहीतून करत. तीही लॅबच्या रजिस्टरसारखी आखलेली: नाव, तक्रार, सुरुवातीची तारीख आणि शेवटी 'निरीक्षण'. मासेवालीच्या नातवाचं नाव तिथे होतं, सेक्रेटरींच्या गुडघ्याचं होतं, माझ्या आईच्या दम्याचंही निघालं. माझ्या आईसाठी कुणीतरी तीन वर्षं प्रार्थना करतंय आणि मला पत्ताच नाही, हे कळल्यावर मी वही माझ्याकडे ओढून घेतली. निरीक्षणाच्या रकान्यात 'देवाने बरे केले' असं काकांनी कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं, 'दम लागणं कमी. औषधही चालू आहे.'

काकू मात्र अगदी उलट. जे चांगलं होईल ते देवाने केलं आणि जे वाईट होईल त्यात देवाचा काहीतरी बेत आहे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. दोन वर्षांपूर्वी त्यांना छातीत गाठ लागली. डॉक्टरांचा चेहरा बघून आम्ही काय ते समजलो. गाठीतून सुईने नमुना घेतला, लॅबला गेला, आणि चार दिवसांनी रिपोर्ट आला: काही नाही, साधी गाठ. काकूंनी मला जिन्यातच मिठी मारली. पाळकांचा फोन आला, बायकांचा घोळका येऊन गाणी म्हणून गेला, आणि येत्या रविवारी काकूंनी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, असं ठरलं. काका एकटे खुर्चीत रिपोर्ट घेऊन बसले होते.

"वेळ चुकलीय," त्यांनी मला बोटाने दाखवलं. नमुना घेतल्याची वेळ छापली होती दहा वाजून दहा मिनिटं. काकांच्या खिशातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'हिला आत बोलावलं – १०.४५.' असला माणूस बायकोच्या अशा दिवशीही वेळ टिपून ठेवतो, हे बघून मला त्यांचा रागच आला.

"काका, त्यांचं घड्याळ मागे असेल," मी म्हटलं.

"असेल. नाहीतर नमुना दुसरीचा असेल."

"रिपोर्ट छापील आहे. खाली डॉक्टरची सही आहे. झालं ना आता. काकू किती खूश आहेत बघा."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही विज्ञान शिकवता ना, बाई?" ते म्हणाले. ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

कारण त्यांचं बरोबर होतं. मी त्या कागदावर विश्वास ठेवला तो केवळ मला तो हवा होता म्हणून.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आयुष्यभर सगळ्यावर संशय घेतलात, मी चकार शब्द काढला नाही. आता माझ्यासाठी तरी एकदा विश्वास ठेवा की हो." काकांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "अगं, हा रिपोर्ट दुसरीचा असला, तर तुझा रिपोर्ट कुणाकडे आहे? ती बाई घरात रडत बसली असेल." काकू उठल्या आणि कपाटातून बाहेर जायची साडी काढली.

लॅबने आधी उडवून लावलं. काका तीन दिवस तिथल्या बाकावर जाऊन बसले, शेवटी त्यांनी कप्पे उघडले. त्या सकाळी दोघींचे नमुने घेतले होते आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. काकूंचा नमुना पुन्हा घेतला, काकांच्या आग्रहाने दुसऱ्याच लॅबमध्ये पाठवला. कॅन्सर होता. लवकर सापडला, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, औषधं झाली, काकूंचे केस गेले. आणि मंडळीत कुजबुज सुरू झाली की देवाने चमत्कार केला होता, पण नवऱ्याच्या अविश्वासामुळे तो परत घेतला. हे बोलणं काकांपर्यंत पोचलं तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी उठून तिन्ही घड्याळांना चावी दिली, आणि मग विचारलं, "बाई, तसं असेल का हो?" जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांनी मला तोवर असं विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं. मला इतकं ठामपणे कधीच काही माहीत नव्हतं.

काकूंची औषधं संपली त्यानंतरच्या रविवारी त्या मला चर्चला घेऊनच गेल्या. एका शाळेच्या हॉलमध्ये उपासना भरते, पेटी-तबल्यावर गाणी असतात, भजनाला बसल्यासारखंच वाटतं. पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? काकूंनी लांबूनच खूण केली आणि काका उभे राहिले. पाळकांनी टेपच्या भीतीने असेल, पण जरा पाऊल मागे घेतलं.

"प्रभूनं मला संशय दिला," काका म्हणाले. "तो दिला नसता तर ही आज इथं नसती. त्याबद्दल त्याचे आभार." आणि खाली बसले.

एवढीच साक्ष. यावर आमेन म्हणायचं की नाही हे कुणालाच कळेना. पाळक कागद चाळत राहिले. मग बायकांच्या बाजूने डोक्याला रुमाल बांधलेल्या काकूंनी खणखणीत आवाजात आमेन म्हटलं. मागून कुणीतरी म्हटलं, मग सगळ्यांनीच म्हटलं. मीही ओठ हलवले असावेत. मला नक्की आठवत नाही, आणि आठवत असतं तरी मी शाळेत ते सांगितलं नसतं.

आता काकांचा हात थरथरतो. मोतीबिंदू आहे, लिटमसचा रंग दिसत नाही. पट्टी माझ्यासमोर धरून विचारतात, "कोणता?" मी सांगते, आणि ते म्हणतात, "परत बघा." शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा वरती जाऊन त्यांची वही मी लिहून देते. मी म्हटलं होतं, काकूंनाच लिहायला सांगा, माझा प्रार्थनेवर विश्वास नाही. काका म्हणाले, "हिला तेच दिसतं जे हिला हवंय. दुसरा हात पाहिजे."

काकूंच्या नावापुढे गेल्या शनिवारी मी लिहिलं, 'लिफ्ट बंद होती. जिना चढून आली. न थांबता.' त्याखाली दोन वर्षांपासून एक ओळ आहे. नावाच्या जागी 'अनोळखी बाई' आणि तक्रारीत 'आमच्या वाट्याचं रडली'. लॅबने त्या बाईचं नाव सांगितलं नाही. तिला कळवलं आहे, एवढंच म्हणाले. काका म्हणतात, "कळवलं, असं ते म्हणाले. दुसऱ्या कुणी तपासलंय?" खरोखर कळवलं का, तोवर तिचं काय झालं, ती कुठे असते, हे काकांना कधीच मोजता येणार नाही. त्या ओळीशी आलो की मी दर वेळी विचारते, निरीक्षणात काय लिहू? आणि ते दर वेळी सांगतात, "माहीत नाही, असं लिहा. खोटं लिहायचं नाही." मग डोळे मिटून हात जोडतात, आणि इतर नावांपेक्षा तिथे जास्त वेळ थांबतात.

मला प्रार्थना येत नाही. पण 'माहीत नाही' लिहून झाल्यावर माझं पेनही लगेच पुढच्या ओळीवर जात नाही. काका डोळे उघडून बघतात, मी अजून तिथेच आहे हे त्यांना दिसतं, आणि ते घाई करत नाहीत.