दोन लग्नं, मध्ये खाडी

बोर्ली पंचतनच्या गोदूताईंच्या हाताखाली लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्या बायका पुष्कळ. डोकं मात्र एकच, आणि ते गोदूताईंच्या अंबाड्याखाली. भातवाल्या भात बघायच्या, बिरडंवाल्या वालाचं बिरडं, वडेवाल्या वडे. पण गोदूताईंनी तळहातावर घेऊन चाखल्याशिवाय एकही पातेलं मांडवात जात नसे. मीठ किती? ताईंना विचारा. जाळ ओढू? ताईंना विचारा. एकदा चुलीशेजारच्या गवताने पेट घेतला, तेव्हा एक बाई भरलेली बादली घेऊन ताईंना शोधत फिरत होती, "ओतू का?" म्हणून.

अशा बाईने एकाच मुहूर्तावरची दोन लग्नं पत्करली. एक बोर्लीत, दुसरं खाडीपलीकडे आगरदांड्याला. दोन्हीकडची माणसं जुनी, नाही म्हणवेना. हो म्हटल्यापासून ताईंना अन्न गोड लागेना.

सून मृणाल पनवेलच्या एका कंपनीत, कोणी कोणाच्या हाताखाली राबायचं हे ठरवणाऱ्या खात्यात होती. सुट्टीवर आली होती.

"आई, तुम्ही आजवर कामाप्रमाणे वाटणी केलीत. आता लग्नाप्रमाणे करा. दोन टोळ्या, दोन्हीत भातवाली, बिरडंवाली, वडेवाली. आणि प्रत्येक टोळीला एक मुख्य."

"मुख्य मी हाय की!"

"तुम्ही एकच आहात ना."

"मंग समदा भात हितं शिजवू, समदं बिरडं तिकडं."

"आणि पाहुणे बोटीत जेवणार?"

ओटीवर ताईंचे यजमान कोंडाजी खो खो हसले. बायकोने एकदाच पाहिलं, तेव्हा ते खोकायला लागले.

शेवटी बोर्ली बहिणीच्या लेकीकडे, प्राप्तीकडे, गेली आणि आगरदांडा धाकटी जाऊ पूनमकडे. पूनमला घाम फुटला.

"वैनी, मीठ कोन बघंल?"

"तूच."

ताई म्हणाल्या खऱ्या. बिरडं बिघडलं तर इतक्या वर्षांचं नाव जाणार, ही एक भीती. आणि आपल्यावाचून बिघडलंच नाही तर? ही दुसरी. ती त्यांनी कोणालाच सांगितली नाही.

त्या दिवशी ताईंनी कुठे थांबायचं? मृणाल म्हणाली, घरी. ताईंनी आगरदांड्याच्या बोटी सुटतात ती दिघीची जेटी निवडली. "मधोमध बसते. अडंल तिथं जाते."

"म्हंजे कुठंच नसशील," कोंडाजी म्हणाले.

लग्नाच्या दिवशी ताई जेटीवर छत्री उघडून, मांडीवर फोन ठेवून बसल्या. फोन वाजेना. वाजू नये अशीच तर सगळी रचना केली होती. मग मेला वाजत का नाही? त्यांनी प्राप्तीला लावला. उचलला नाही. पूनमला लावला. उचलला नाही. दोन्हीकडे बिरडं करपून खाली लागलेलं त्यांना डोळ्यांसमोर दिसलं, आणि त्या समोर आलेल्या बोटीत चढल्या.

खाडीच्या मध्यावर फोन वाजला. प्राप्ती. इंजिनाच्या धडधडाटात एक अक्षर कळेना. तो बंद होतोय तोवर पूनम.

"मीठ का? मीठ इचारतीस? मीठ!" ताई जीव तोडून ओरडल्या.

शेजारी टोपली घेऊन बसलेली कोळीण म्हणाली, "बाय, मिठाच्या पान्यावर तर बसलीयस, आजून किती पायजे?"

आगरदांड्याच्या मांडवात पोचल्या तेव्हा पहिली पंगत उठत होती. पूनम पदर खोचून कोणाला तरी चक्क दटावत होती. ताई थेट पातेल्याशी गेल्या, तळहातावर बिरडं घेतलं. मीठ बरोबर. खोबरं मात्र त्यांच्यापेक्षा सढळ. पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा, आणि ते काही तपासण्यासाठी नव्हतं.

"मघा हात पिठात व्हते वैनी, म्हनून उचलला न्हाय. कसं झालंय?"

"खोबरं जास्त हाय."

पूनमचा चेहरा उतरला.

"ऱ्हाऊ दे," ताई म्हणाल्या. "तुझ्या वाटणीच्या लग्नाला तसंच ऱ्हाऊ दे."

मग त्या एका पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसल्या. कोणीही काहीही विचारलं नाही. भाताची परात नेणारी एक पोरगी फक्त म्हणाली, "ताई, जरा सरका." ताई सरकल्या.

फोन वाजला. प्राप्ती.

"मावशी, मघाशी बी लावलेला. हितं समदं झ्याक हाय, काळजी करू नका. फकस्त त्यो मोठा झारा, त्यो धुऊन कुठं ठेवू?"

झारा वर्षानुवर्षं एकाच गोणीत जात होता. प्राप्तीनेच तो कितीदा भरला होता. गोदूताई उभ्या राहिल्या. मोकळा हात कमरेवर गेला.

"थांब! हात लावू नगंस त्याला. आदी मी सांगते त्ये नीट ऐक."