उजवीकडे चढणारी रेघ

कंपनीनं तीन महिने अमेरिकेला पाठवलं, की आमच्या ऑफिसातले लोक तिकडून बदाम, परफ्यूम, फार तर कॅमेरा आणायचे. मी गाडीचे दिवे आणले. मोज्यांत गुंडाळलेले दोन प्रोजेक्टर. प्रोजेक्टर म्हणजे हेडलाइटच्या आत बसवायचं भिंगाचं नळकांडं. त्यात एच.आय.डी.चा दिवा लावला की प्रकाश पांढराशुभ्र पडतो आणि त्याची वरची कड सुरीनं कापल्यासारखी दिसते. बॅग उघडल्यावर आई म्हणाली, "एवढा सातासमुद्रापार गेलास आणि भंगार घेऊन आलास?"

माझी गाडी सेकंडहँड होती. हडपसरहून कोथरूडला येताना तिच्या पिवळ्या दिव्यांत खड्डा दिसायचा, तो चाक त्यात गेल्यावर. आणि दिवे बसवायला मिस्त्री कशाला? मी सॉफ्टवेअरवाला, इंटरनेटवर सगळं वाचलेलं. हेडलाइटची काच चिकटवलेली असते, ती गरम केल्याशिवाय निघत नाही. आमच्या घरात त्या मापाची एकच गरम वस्तू होती, आईचा नानकटाईचा ओव्हन.

"अरे मेल्या, त्यात मी खायचं करते!"

"आई, दहाच मिनिटं गं."

पुढचे पंधरा दिवस नानकटाईला रबराचा वास येत होता. बाबांनी एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाले, "चिरंजीवांनी दिवे लावले." दुसरा तुकडा घेतला नाही.

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या भिंतीसमोर गाडी लावून मी दिवे जुळवले. भिंतीवर सरळ रेघ आली आणि उजव्या बाजूला एक पायरी चढून वर गेली. इंटरनेटवरच्या एका फोरमवर अमेरिकन माणसानं लिहिलं होतं, रेघ उजवीकडे वर चढायला हवी. माझी अगदी तश्शी चढत होती. पैकीच्या पैकी मार्क! मी खालून हाका मारून दोन्ही मजल्यांवरच्या लोकांना ती भिंत दाखवली.

आता बाबांचं सांगतो. बाबा निवृत्त मास्तर, गणिताचे, वय अडुसष्ट. रोज साडेपाचला स्कूटरला किक मारून ते सदाशिव पेठेत एका जुन्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जायचे आणि साडेसातला परत यायचे. हरले तरी शीळ घालत यायचे. दिवसभरात ते शीळ घालायचे तेवढेच.

एका शनिवारी मी मित्राला दिवे दाखवायला बाहेर पडलो. नऊला परत आलो तर बाबा पाय लांब करून बसलेले, गुडघ्याला हळद. आमच्या गल्लीच्या वळणावर स्कूटर फुटपाथवर चढली होती.

"काय झालं?"

"समोरून गाडी आली. एकदम काही दिसेना."

झालं. मला भाषणाला विषय मिळाला. बाबा, आता वय झालं, डोळे तपासा, स्कूटर बास. आईनं री ओढली. बहिणीनं फोनवरून रडून घेतलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची जरा सुरुवात आहे, एक-दोन वर्षं तरी काही काळजी नाही. मी त्यातला मोतीबिंदू तेवढा ऐकला. घरी येऊन हात पुढे केला, तेव्हा बाबांनी निमूटपणे स्कूटरची किल्ली माझ्या हातावर ठेवली. इतक्या सहज देतील असं वाटलं नव्हतं.

"रिक्षानं जात जा की," आई म्हणायची.

"रिक्षानं खेळायला जायला मी पेशंट आहे का?"

मग ते गॅलरीत पट मांडून एकटेच दोन्ही बाजूंनी खेळायचे आणि आमटीत मीठ कमी म्हणून आईशी भांडायचे. शीळ बंद झाली. मला वाईट वाटायचं, पण मनात म्हणायचो, जीव वाचला ना!

तीन महिन्यांनी फॉग लाइट बसवायची हौस आली. या वेळी आईनं ओव्हनला हात लावू दिला नाही, म्हणून ऑफिसातून लवकर निघून हडपसरमधल्या एका वायरमनकडे गाडी नेली. त्यानं आधीचे दिवे भिंतीवर पाडून बघितले आणि पान थुंकून आला.

"साहेब, ह्या लायटी कुठनं आणल्या?"

"अमेरिकेतून," मी छाती फुगवून म्हणालो.

"तरीच. ही रेघ बगा, उजवीकडं चढतीया. तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालत्यात. उजवीकडं त्यांची पाटी, झाड, कड, ते दिसाय पायजे म्हणून वर. हितं तुमच्या उजवीकडनं कोण येतंय?"

"समोरचा."

"मग त्याच्या डोळ्यातच मारताय की वो सगळं."

कुणीतरी फाडकन मुस्काटात मारावी तसं झालं मला. फॉग लाइट डिकीतच राहिले. त्यानं भिंगामागच्या पट्टीला पत्र्याचा तुकडा लावून ती पायरी बुजवली आणि रेघ सरळ केली. अर्ध्या तासाचं काम. घरापर्यंत मी कसा आलो ते आठवत नाही.

बाबा गॅलरीत होते. मी विचारलं, "त्या दिवशी समोरून आलेली गाडी कुठली होती?"

पटावरून नजर न काढता ते म्हणाले, "तुझी. वर हॉर्न वाजवलास. त्यावरून तर ओळखली."

आठवलं. एक स्कूटर डगमगली होती, आणि काय चालवतात लोक म्हणून मी हॉर्न दाबला होता.

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. पण तुम्ही सगळे इतक्या खात्रीनं सांगायला लागलात, की मलाच वाटलं, डोळेच गेले असतील."

"चुकलं माझं, बाबा," म्हणालो आणि किल्ली पटावर ठेवली. त्यांनी ती बराच वेळ उचलली नाही. मग म्हणाले, "भीती बसली आहे रे. आधी बघू दे. तू गाडी घेऊन समोरून ये."

अंधार पडला होता. मी गल्लीच्या तोंडाशी गाडी नेऊन वळवली, दिवे लावले आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू निघालो. समोरून स्कूटरवर बाबा आले. पाठ ताठ, दोन्ही पाय खाली लोंबते, जमिनीला टेकायच्या तयारीत. वळणाजवळ आले तेव्हा मी गाडी अगदी कडेला घेतली. त्यांनी पाय वर घेतले. डोळ्यांवर हात धरला नाही, ब्रेक दाबला नाही, माझ्या खिडकीशेजारून सरळ निघून गेले. मी गाडी थांबवली आणि आता वळून येतील म्हणून आरशात बघत राहिलो.

ते आले नाहीत. सव्वासात वाजले होते, तरी सदाशिव पेठेत खेळायला गेले.