पडल्यावर उचलणार कोण

हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनमागच्या गल्लीत अंबाजी मिस्त्रींचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, एक चिंचेचं झाड, त्याला टेकवलेले चार पत्रे आणि खाली तेलानं काळी झालेली जमीन. दिवसा ते सरकारी बसच्या वर्कशॉपात नोकरी करत आणि संध्याकाळी व रविवारी या झाडाखाली लोकांच्या मोटारसायकली खोलून बसत. मूळचे भालकीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दू. माझे वडील त्यांना अरे-तुरे करत. मी लहानपणापासून अंबाजीमामा म्हणायची.

मोटारसायकल घ्यायची ठरली की अर्धं काचीगुडा त्यांचा सल्ला विचारायला जाई आणि बरेचसे लोक वैतागून परत येत. कारण हे गृहस्थ मोटारसायकलीबद्दल बोलतच नसत. विचारत, जाणार कुठं? रस्ता कसला? मागं कोण बसणार? आणि सगळ्यात शेवटी, पडल्यावर उचलणार कोण? अजून घेतलीही नाही तोवर हा पडायच्या गोष्टी काय करतो, म्हणून लोक चिडत. पण रस्ता डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अंबाजीमामा तोंड उघडत नसत. एका वकिलाला शादनगरला जा-ये करायची होती, तर हे आधी सायकल मारत शादनगरला जाऊन आले. वकिलानं तोवर दुसरीकडून घेऊनही टाकली होती.

हे सगळं आठवायचं कारण माझी नात. तारनाक्याच्या घरात ती सोफ्यावर आडवी पडून फोनवर दोन मोटारसायकली शेजारी-शेजारी लावून बघत असते. डांबरी रस्त्यावरही पळेल आणि अनंतगिरीच्या रानवाटेवरही चढेल, अशी एक तिला हवी आहे. टाकी केवढी, सीट किती उंच, सगळं तोंडपाठ. मी म्हटलं, पडल्यावर कोण उचलणार ते लिहिलंय का बघ. ती म्हणाली, आजी, असलं काही त्यात नसतं. असतं गं बाई, म्हणून तर लिहायला बसले. तिला मराठी वाचायचा कंटाळा आहे, तेव्हा कुणीतरी तिला वाचून दाखवावं.

साल छप्पन. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले होते. मराठी मुलूख मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, आणि आमचं शहर आंध्राकडे. कचेऱ्यांमधून फायलींबरोबर माणसांचीही वाटणी चालली होती. माझे वडील एकनाथराव महसूल खात्यात होते. त्यांना पेन्शनला दोनच वर्षं उरली होती, म्हणून ते जागेवर राहिले. माझा नवरा मात्र जनावरांचा डॉक्टर, नोकरीत नवा. नवऱ्याचं नाव घ्यायला आता या वयात कुणाची भीती? नरहर. त्यांची नेमणूक निघाली किनवटला. तो तालुका आदिलाबादेतून काढून नांदेडला जोडत होते.

जो भेटेल तो म्हणे, वा, आपल्या माणसांत चाललात. नरहरांनी शिक्षणाची वर्षं सोडली तर काचीगुडा सोडलं नव्हतं, आणि मराठी खेडं म्हणजे त्यांना काय ठाऊक? किनवटच्या रानात अर्धे लोक गोंडी बोलतात आणि उरलेले तेलुगू, हे तिथे गेल्यावर कळलं. तिथली नोकरी सगळी फिरतीची. जंगल, नाले, बैलगाडीच्या वाटा, आणि मधूनच सडक. म्हणजे मोटारसायकल आली. नरहर उंचीला माझ्याएवढे आणि अंगानं माझ्याहून बारीक. हा माणूस एकटा त्या जंगलात कुठे आडवा झाला तर कुणाला पत्ताही लागणार नाही, ही भीती मला लागून राहिली. आईला सांगितलं तर म्हणाली, शुभ बोल.

वडिलांना असली काही भीती नव्हती. त्यांनी आबिद रोडवरच्या मित्राच्या दुकानात एक मोटारसायकल पाहून ठेवली होती. नवी कोरी, काळी कुळकुळीत, टाकीवर सोनेरी रेघा. साहेब म्हणून जाणाऱ्या जावयाला तीच शोभेल, असं त्यांचं म्हणणं. अंबाजीमामांकडे एक दुसरी होती. लढाईत वापरलेली, सिकंदराबादच्या लष्करी लिलावातून आलेली, मातकट हिरवी. तिला वडील डिस्पोजलचं भंगार म्हणत. ती नवीपेक्षा चांगली मणभर हलकी होती. पण तीच घ्या असंही मामा म्हणेनात. मी त्यांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, रस्ता बघू द्या.

आणि खरंच गेले. वर्कशॉपातून रजा काढली आणि काचीगुड्याहून किनवटची गाडी धरली. पाचव्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर हजर. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. पिशवीतून कागदाच्या तीन पुड्या काढून त्यांनी फरशीवर उलगडल्या. एकीत मुरूम, दुसरीत नाल्यातली वाळू, तिसरीत काळी माती. माझ्याकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, काळी माती भिजवली आणि वडिलांच्या सायकलच्या चाकाला थापून चाक फिरवलं. दोन फेऱ्यांत माती मडगार्डखाली अशी घट्ट बसली की चाक हलेना.

वडील म्हणाले, "अंबाजी, तू माझी सायकल खराब केलीस."

"हौ साब," मामा म्हणाले. "नव्या गाडीचं पण असंच होणार. डॉक्टरसाब पडणार तर हायतच. उचलणार कोण, ते बघायचंय."

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे मुसी नदीच्या वाळूत जमलो. दुकानदारानं मैत्रीखातर काळी मोटारसायकल पाहायला पाठवली होती. वडील छत्री घेऊन काठावर उभे, मिस्त्रीची खोड मोडलेली पाहायला आलेले. मामांनी वाळूत पोतं अंथरलं आणि ती नवी कोरी गाडी त्यावर हळूच आडवी केली. वडिलांनी डोळे मिटून घेतले. नरहरांनी तीनदा जोर लावला, मान लाल झाली, पण गाडी गुडघ्याच्या वर येईना. मग हिरवी आडवी केली. ती दुसऱ्या खेपेला उभी राहिली. मला वाटलं, झालं, सुटलो.

मामांनी ती पुन्हा आडवी केली आणि माझ्याकडे बघितलं. "आता ताई."

वडील काठावरून खाली आले. माझी मुलगी हमाल आहे का, असं त्यांनी विचारलं. मामा जागचे हलले नाहीत. कठीण माणूस. शेवटी नरहर म्हणाले, "करू द्या तिला." सासऱ्यापुढे त्यांनी एवढं एकच वाक्य जन्मात ठामपणे उच्चारलं असेल, आणि ते माझ्यासाठी, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पहिल्यांदा मी हँडल धरून ओढलं. गाडी तसूभर हलली नाही. मामा म्हणाले, हातानं नक्को, पाठीनं. गाडीकडे पाठ करायची, बूड सीटला टेकवायचं, एक हात हँडलवर, एक मागच्या कॅरियरवर, आणि तोंड भलतीकडे करून पायांनी मागं रेटत चालायचं. मी तसं केलं. आणि चार मणांचं ते धूड माझ्या पाठीमागे उठून उभं राहिलं. तो आनंद काय सांगू? लग्नातही मला एवढं हसू आलं नव्हतं.

मामांनी मान हलवली. हीच घ्या म्हणाले, आणि ताईंनी उद्यापासून रोज सकाळी यायचं, नऊवारी नेसून. मी पाचवारी नेसायची. आईचं लुगडं मागून नेसले. आठवडाभर त्यांनी मला त्या वाळूत गाडी उचलायला आणि चालवायला लावून अशी पिदवली की रात्री जेवायला हात उठत नसे. हँडलजवळची एक छोटी दांडी दाबून आधी इंजिनाचा दम सोडायचा आणि मग किक मारायची, म्हणजे पाय उलटा झटकत नाही, हे त्यांनी शंभरदा करून घेतलं. तोवर इकडे त्यांनी पुढचं मडगार्ड चार बोटं वर उचलून बसवलं. गाडी आणखीच कुरूप दिसू लागली. वडिलांनी तिच्याकडे बघणंच सोडलं.

किनवटला पहिले आठ-दहा महिने मी तिला हातही लावला नाही. बाई मोटारसायकलवर बसली असती तर सगळा गाव गोळा झाला असता. नरहर फिरतीवरून यायचे, चारदा पडलो, चारदा उचलली, असं सांगायचे, आणि मी मनातल्या मनात अंबाजीमामांना हात जोडायची.

मग सत्तावन सालच्या श्रावणात बुळकांडीची साथ आली. गुरं पटापटा मरू लागली. नरहर लस घेऊन बारा मैलांवरच्या एका पाड्यावर तळ ठोकून राहिले. सहाव्या दिवशी निरोप आला, डॉक्टर हिवतापानं पडलेत, बरळतायत. मी बैलगाडी केली आणि निघाले. शिवेवर पोचलो तशी गाडीवानानं बैल थांबवले. साथीच्या गावात बैल न्यायचा नाही, आणि त्यातला बाहेर काढायचा नाही, हा हुकूम डॉक्टरांचाच. मी उतरले, तो थांबायलाही तयार होईना, मागे फिरला. बरोबरच होतं त्याचं.

नरहर एका पडवीत खाटेवर पडलेले, अंग भट्टीसारखं. गावच्या पाटलानं बैल जुंपायची तयारी दाखवली. नरहरांनी तेवढ्यापुरते डोळे उघडले आणि म्हणाले, "बैल शिवेबाहेर जायचा नाही. मी मेलो तरी नाही." खाटेवरून न्यायचं तर अख्खा दिवस जाणार होता आणि त्यांच्याकडे बघून मला तेवढा दिवस दिसत नव्हता. पडवीच्या कडेला ती मातकट हिरवी उभी होती. गावात ती चालवू शकणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी कासोटा घट्ट केला. एका गोंड बाईनं आपलं जुनं लुगडं दिलं, त्यानं त्यांना माझ्या पाठीशी बांधलं. दांडी दाबून दम सोडला, किक मारली. तिसऱ्या किकेला सुरू झाली. गावातले दोन गडी पहिल्या नाल्यापर्यंत बरोबर धावले, त्यांनी गाडी पाण्यातून पलीकडे ढकलून दिली आणि तिथून पुढे मी एकटी.

मैलभरानं एका वळणावर चाक घसरलं आणि आम्ही दोघं चिखलात. चिखल मऊ होता म्हणून हाडं वाचली. गाठ सोडून मी त्यांना सागाच्या बुंध्याला टेकवून बसवलं. त्यांना धड शुद्ध नव्हती. चहूकडे पाऊस आणि सागाची पानं, माणूस नाही. मी रडले, खोटं कशाला सांगू? मग रडत रडतच गाडीकडे पाठ केली, बूड सीटला टेकवलं आणि तोंड भलतीकडे केलं. पाय घसरले. दगड शोधून टाचेखाली घेतले. दुसऱ्यांदा रेटलं, आणि ती उठली. मडगार्डखाली मातीचा लपका होता, पण चाक फिरत होतं. त्यांना पुन्हा पाठीशी बांधलं आणि किक मारली.

किनवटच्या दवाखान्यात पोचले तेव्हा सबंध बाजार माझ्याकडे बघत उभा होता. बघू दे म्हटलं. तिथल्या डॉक्टरांनी क्विनीनचं इंजेक्शन दिलं. नंतर मला म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. नरहर त्यानंतर अडतीस वर्षं जगले.

त्या दिवाळीला आम्ही काचीगुड्याला आलो. अंबाजीमामा चिंचेखालीच होते. त्यांची नोकरी आंध्रात, शेत म्हैसूर राज्यात गेलेलं, आणि त्यांनी निवडून दिलेली गाडी मुंबई राज्यात. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी आधी विचारलं, मडगार्डखाली चार बोटं पुरली का? पुरली म्हटलं. मी आयुष्यात पुष्कळ विद्वान पाहिले, कितीतरी साहेब पाहिले, पण दुसऱ्याच्या वाटेचा इतका आधी आणि इतका बारकाईनं विचार करणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

मी म्हटलं, मामा, नदीत मला का उचलायला लावलीत ते आज सांगा.

ते पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "किनवटच्या अलीकडं एक बारकं टेसन हाय. माझी गाडी थांबली, तर हिरवी झंडी मास्तरची बायको दाखवत होती. मास्तर पंधरा दिवस हिवतापानं आत पडले होते. तवाच ठरवलं, डॉक्टरसाबला आन् तुम्हाला, दोघांनाबी उचलता येईल अशीच गाडी द्यायची."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर एकनाथरावसाबनं तुम्हाला इथंच ठेवून घेतलं असतं, ताई," ते म्हणाले. "डॉक्टरसाब एकटेच गेले असते."